नीळमावशीचा गुन्हा

आमच्या मैदानाच्या कडेनं सिमेंटचे खांब आहेत. चांगले भक्कम, हातभर जमिनीत पुरलेले. तिथे झाडांची सावली असते, म्हणून एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत आम्ही दोऱ्या बांधल्यात आणि त्यांवर रंगीत कपडे वाळत घालतो. रंगीत कपडे उघड्या उन्हात विटतात. खांब केंद्र सरकारचे आहेत. त्यांना हवे असतील तर त्यांनी ते खुशाल उपटून न्यावेत, आमची काही हरकत नाही. अजून कोणी आलेलं नाही.

हे खांब कसे आले आणि त्यांच्यावरच्या काटेरी तारा कशा गेल्या हे सांगायचं तर मला माझ्या मावशीबद्दल सांगावं लागेल. सगळं शहर तिला नीळमावशी म्हणतं. पांढरे कपडे शेवटच्या पाण्यात निळीतून काढायचं काम ती दुसऱ्या कोणाला करू देत नाही, त्यामुळे तिची नखं कायम निळसर. इस्पितळात नवा डॉक्टर आला की तिची नखं बघून घाबरतो, तिला खुर्चीत बसवतो आणि नाडी धरतो. मावशी त्याला ऐकवते, "माझी नाडी राहू दे, बाळा. तुझ्या कोटावर तो औषधाचा डाग पडलाय ना, तो आधी इकडे दाखव."

धुलाईघर तिच्या आईपासूनचं. माझी आई गेली तेव्हा मावशीनं मला आणलं आणि दुसऱ्याच दिवशी हातात टॉवेल पिळायला दिले. तिची लाड करायची हीच पद्धत. पुढच्या दारानं आत आलं की डाव्या हाताला भट्टी, तिच्यावर तांब्याचा मोठा हंडा, समोर ओळीनं हौद, उजवीकडे इस्त्रीची टेबलं. भिंतींना बारा महिने ओल. आणि मागच्या दारातून बाहेर पाऊल टाकलं की मैदान.

आमच्या धंद्याचं सगळं इंगित त्या मागच्या दारात होतं. इस्पितळाच्या चादरी आणि हॉटेलांचे मेजपोस आम्ही दोरीवर कधीच घातले नाहीत. पांढरा कपडा ओलाच गवतावर पसरायचा, अर्धवट वाळला की वर पाणी शिंपडायचं आणि पुन्हा उन्हाच्या हवाली करायचा. रक्ताचे, औषधांचे, कशाकशाचे डाग संध्याकाळपर्यंत नाहीसे होतात. का होतात ते मला विचारू नका. मावशीलाही माहीत नाही. तिच्या आईनं सांगितलं म्हणून ती करते, आणि डाग जातात म्हणून मी करते.

मैदान सगळ्यांचं होतं. सकाळी शेळ्या, दुपारी चादरी, संध्याकाळी पोरं. शेळ्यांमुळे गवत आखूड आणि दाट राहायचं, ते आमच्या पथ्यावरच पडायचं. या वाटणीवरून कधी भांडण झालं नाही. मावशी भांडली नाही असा दिवस मला आठवत नाही, पण ती भांडली ती साबणावरून, पाण्यावरून, शेळीवालीच्या बोकडावरून. जमिनीवरून कधीच नाही. जमीन काय, होतीच.

मग एका सकाळी मागचं दार उघडलं तर समोर पाटी. 'सदर जमीन पडीक असल्याने केंद्र शासनाच्या राखीव साठ्यात घेण्यात आली आहे. प्रवेश निषिद्ध.'

मावशीनं पाटी वाचली, पदराला हात पुसले आणि विचारलं, "पडीक म्हणजे आपलीच ना गं? की शेजारी दुसरी कुठली आहे?"

केंद्रानं नवा कायदा केला होता. देशात जिथे जिथे गवत उगवत नाही आणि जी कोणाच्या वापरात नाही अशी जमीन असेल ती केंद्राची. राज्याला विचारायचं कारण नाही, नगरपालिकेला तर नाहीच नाही. गवत असेल, वापर असेल, तर मात्र ती त्या त्या गावाची. कागदावर किती सरळ वाटतं बघा. पण गवत आहे की नाही हे पाहायला कोणी यायचं नव्हतं. ते ठरवणार होते राजधानीत बसून, आकाशातून काढलेल्या फोटोवरून. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, फक्त यांचा उंट आभाळात होता.

सुरुवातीला वाटलं, आपल्याला आधार आहे. आमचे नगराध्यक्ष चौकात खुर्चीवर उभे राहून गरजले, "केंद्राची ही दादागिरी आम्ही खपवून घेणार नाही! ही जमीन राज्याची आहे, या शहराची आहे!" मावशीनं इतक्या टाळ्या वाजवल्या की तिच्या ओल्या हातांचे शिंतोडे माझ्या तोंडावर उडाले. पुढे नगराध्यक्षांना आणि राज्यातल्या मंडळींना राजधानीत बोलावणं आलं. तिथे त्यांना काय देऊ केलं ते देव जाणे. परत आले ते मवाळ होऊन. मावशी त्यांच्या घरी गेली तर म्हणाले, "मावशी, आपण जरा देशाचासुद्धा विचार करायला हवा."

"मग खुर्चीवर चढलात तेव्हा देश कुठे गेला होता? बाहेरगावी?"

बळी तो कान पिळी, हे मला समजतं. जगात ते चालतंच. पण ज्याचा स्वतःचा कान पिळला जातोय त्यानं आपला सोडवून घ्यायला दुसऱ्याचा पुढे करावा, याचा संताप माझ्या मनातून आजही जात नाही. नगराध्यक्षांचे सदरे आम्ही अजून धुतो. कॉलरला मुद्दाम जास्त खळ घालते मी. टोचू दे.

मावशीनं हरकतीचा अर्ज दिला आणि सुनावणीचं बोलावणं आलं. केंद्राचं कार्यालय नवंकोरं होतं, रंगाचा वास अजून गेला नव्हता, आणि आत एवढी थंडी की मावशीनं पदर कानांवरून घेतला. साहेब तरुण, बोलायला मऊ. त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं, पाणी दिलं, आणि एक मोठा फोटो टेबलावर ठेवला.

"बघा, बाई. हे वरून काढलेलं छायाचित्र."

मावशीनं चष्मा लावला. मीही वाकून पाहिलं. करड्या कागदावर पांढरेशुभ्र चौकोनी डाग, एकाला एक लागून, मध्ये फिकट रेघा. गवत नाही, पाला नाही.

"अगं बाई!" मावशी हळहळली. "केवढा क्षार फुटलाय हा जमिनीतून! कुठलं म्हणायचं हे?"

"हीच ती जमीन. तुमच्या धुलाईघरामागची."

"छे छे. काहीतरी घोटाळा झालाय तुमचा. ही आमची नव्हेच. आमच्याकडे गवत आहे, असलं पांढरं काही नाही."

"नक्की?"

"अहो, जन्म गेला माझा तिथे. माझी जमीन मला ओळखता येणार नाही?"

साहेबांनी लेखनिकाकडे मान वळवली. "घ्या. अर्जदार सदर जमीन ओळखत नाहीत."

संपली सुनावणी. मावशी बाहेर आली तेव्हा तिला वाटत होतं की आपण जिंकलो, दुसऱ्याच जमिनीचा फोटो निघाला, आता चूक सुधारतील. मलाही तसंच वाटत होतं. आम्ही येताना गरम भजी खाल्ली.

पुढच्या आठवड्यात इस्पितळात चादरींचे गठ्ठे पोचवायला गेलो. कपड्यांची खोली आधी तळमजल्यावर होती, ती नुकतीच वरच्या मजल्यावर हलवली होती आणि लिफ्ट बंद. जिने चढून मावशीला धाप लागली म्हणून ती खिडकीपाशी वाऱ्याला उभी राहिली. मी गठ्ठे मोजून देत होते. तिनं न वळताच मला हातानं खुणावलं.

"इकडे ये," ती म्हणाली. "खाली बघ."

खाली आमचं मैदान. आमच्या बायकांनी दुपारच्या चादरी घातल्या होत्या. पांढरेशुभ्र चौकोन, एकाला एक लागून, मध्ये आमच्या पायवाटांच्या फिकट रेघा.

"त्या आपल्या चादरी होत्या गं," मावशी म्हणाली, आणि हसत सुटली. गठ्ठ्यावर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "मी माझ्याच चादरींना क्षार म्हणाले! बाई गं! असल्या पांढऱ्या काढल्यात की सरकार फसलं!" मग एकदम हसू थांबलं. ती उठली, आणि चादरींची पोच न घेताच जिना उतरायला लागली. तिच्यामागे धावताना माझी त्रेधा उडाली.

साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मला आधी वाटलं होतं त्यांना धक्का बसेल. कसला काय!

"पण मागच्या वेळी तुम्हीच सांगितलंत की ही तुमची जमीन नाही."

"चुकले. जन्मात कधी वरून पाहिली नव्हती. आता पाहिली. आता सांगते ना."

"तुमचं म्हणणं नोंदलं गेलंय, बाई. ते बदलता येत नाही."

"बरं, माझं म्हणणं चुलीत घाला. तुम्ही चला. इथून पाच मिनिटं नाही लागत. गवतावर उभे राहा, बूट काढून उभे राहा, आणि मग सांगा पडीक आहे की नाही."

"प्रत्यक्ष पाहणीची कायद्यात तरतूद नाही."

मी पुन्हा सांगते, कारण मला स्वतःला ते पुन्हा ऐकावंसं वाटलं होतं. जमीन घ्यायची तरतूद आहे. जमीन बघायची तरतूद नाही. एवढे शिकलेसवरलेले लोक एकत्र बसून कायदा लिहितात आणि त्यात डोळ्यांना कामच ठेवत नाहीत!

मावशी उभी राहिली. "तुम्ही जन्मलात तेव्हा तुमच्या आईनं तुम्हाला कशात गुंडाळलं होतं हो, साहेब? चादरीत की क्षारात?"

आम्हाला बाहेर काढलं.

मग हे खांब आले. खड्डे खणायच्या दिवशी आम्ही बायका, शेळीवाली, शाळेतले दोन मास्तर, असे सगळे मैदानात बसलो. पोलिसांनी एकेकाला उचलून कडेला ठेवलं, तसं सभ्यपणे, कारण त्यांचे गणवेश आमच्याकडेच धुतले जातात. तारा लागल्या, फाटक लागलं, पहारेकरी बसला. लहानपणापासून ऐकत आले होते, कुंपणच शेत खातं म्हणून. ते दिवसाढवळ्या जेवायला बसलेलं मी तेव्हा पाहिलं.

आमच्या हातात उरलं मागचं अंगण, म्हणजे दोन खाटांएवढी जागा. तिथे दोऱ्या बांधून चादरी वाळवल्या. वाळायच्या, पण पिवळट पडायच्या, डागांच्या कडा राहायच्या. मावशी तीच चादर पुन्हा पुन्हा धुवायची, नीळ वाढवायची, हात सोलवटून घ्यायची. इस्पितळाच्या मुख्य परिचारिकेनं फार सांभाळून घेतलं, पण शेवटी तिनंही निम्म्या चादरी मोठ्या यंत्राच्या लाँड्रीकडे वळवल्या. हॉटेलवाल्यांनी तर निरोपसुद्धा पाठवला नाही. इस्त्रीवाली काम सोडून गेली, पिळणाऱ्या दोघी गेल्या. पुढचं वर्ष धुलाईघर बघेल अशी आशा आम्हाला उरली नव्हती. आणि मावशीनं भांडणं बंद केली. पाणी कमी आलं तरी गप्प, साबण वाईट निघाला तरी गप्प. मला त्याची सगळ्यांत जास्त भीती वाटायची.

आता कुंपणाच्या आत काय झालं ते ऐका. शेळ्या नाहीत, चादरी नाहीत, कोणाचे पाय नाहीत. गवत गुडघ्याएवढं वाढलं. आकाशातून पुन्हा फोटो निघाला, आणि राजधानीत आनंदीआनंद झाला. पांढरी जमीन हिरवी झाली होती! एका सकाळी जुनी पाटी गेली आणि नवी आली: 'केंद्र शासनाच्या अथक प्रयत्नांतून पडीक जमिनीचे नंदनवन.' अथक प्रयत्न म्हणजे पहारेकरी स्टुलावर बसून डुलक्या घ्यायचा, तो. आयत्या बिळावर नागोबा ऐकला होता, पण हा नागोबा बीळ मीच खणलं म्हणून हार घालून घ्यायला निघाला होता. समारंभ ठरला. केंद्राचे मंत्री येणार होते.

आणि मांडववाला आमच्याकडे आला! समारंभाचे मेजपोस, खुर्च्यांचे अभ्रे, खाली अंथरायच्या चादरी, सगळं पांढरं, ढीगभर. यंत्रवाल्यांकडे गर्दी होती म्हणे. मी त्याला दारातूनच घालवायला निघाले.

"ठेव आत," मावशी म्हणाली.

"मावशी! त्यांचे कपडे धुवायचे? आपण?"

"धुवायचे. पांढरेशुभ्र काढायचे." कितीतरी दिवसांनी तिच्या आवाजात धार होती. "इस्त्रीवालीला बोलाव. सगळ्याजणींना बोलाव. इस्त्रीचं काम नाही म्हणावं, पण ये."

समारंभाच्या दिवशी लख्ख ऊन होतं. नागरिकांनी नंदनवन बघावं म्हणून फाटक सताड उघडं. गवत कापून सारखं केलेलं. मांडवात व्यासपीठाच्या बाजूला सिनेमासारखा मोठा पडदा, आणि वर ड्रोन घिरट्या घालत होता. तो वरून जे बघेल ते पडद्यावर दिसत होतं. नुसतं हिरवंगार. खरं सांगते, सुंदर दिसत होतं. आमचं होतं ना ते.

आम्ही टोपल्या घेऊन फाटकाशी पोचलो तसा मांडववाला धावत आला. "मावशी, किती उशीर! टेबलं उघडीच आहेत!" त्यानं हात घातला. "अहो, हे तर सगळं ओलं आहे!"

"वाळेल की. ऊन चांगलं आहे."

पहारेकऱ्यानं टोपलीकडे पाहिलं, मावशीकडे पाहिलं, आणि स्टूल थोडं बाजूला घेतलं.

मंत्री बोलत होते. "बंधूंनो आणि भगिनींनो, या जमिनीवर गवताची एक काडी नव्हती..."

मावशी जणू या वाक्याचीच वाट पाहत होती. तिनं पहिली चादर झटकली, तिचा तो ओळखीचा फट्‌ असा आवाज झाला, आणि चादर गवतावर बसली. पडद्यावर हिरव्यात एक पांढरा चौकोन उमटला. दुसरी इस्त्रीवालीनं घातली. मग आमचे हात काही विचारेनात, जन्मभराची सवय ती. मेजपोस, अभ्रे, चादरी, कडेला कड लावून. शेळीवालीनं सगळ्यांत आधी पडद्याकडे पाहिलं आणि मोठ्यांदा हसली. मग मागच्या खुर्च्या हसल्या, मग मधल्या. जुना फोटो समारंभाच्या निमंत्रणावर छापून घरोघरी गेला होता, पाहिला नाही असं कोणी नव्हतं. मंत्र्यांना कळेना आपण काय विनोद केला. त्यांनी वळून पडद्याकडे पाहिलं. नंदनवन त्यांच्या डोळ्यांदेखत पडीक होत होतं. ड्रोनवाला बिचारा दाखवतच राहिला, थांब म्हणून त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

कोणीतरी ओरडलं, "अरे, क्षार फुटला रे!" आणि मांडव नुसता उसळला.

साहेब धावत आले. मावशी कमरेवर हात ठेवून उभी होती. "घ्या, साहेब. तुमची पडीक जमीन. नीट ओळखून घ्या, मी एकदा चुकले होते."

त्यांनी पडद्याकडे पाहिलं. मग वाकून एका चादरीचा कोपरा उचलला आणि खालचं गवत पाहिलं. त्यांना कळलं. मी अगदी शेजारी होते, मी शपथेवर सांगेन, त्यांना कळलं. मला वाटलं, आता हा माणूस काहीतरी बोलेल. त्यांनी कोपरा खाली ठेवला आणि पोलिसांना हाक मारली.

ठाण्यात आम्हाला बाकावर बसवलं. ठाणेदार इथलाच, वयानं मोठा, कपाळाला हात लावून बसलेला. साहेब तक्रार सांगत होते आणि तो लिहून घेत होता.

"केंद्राच्या राखीव जमिनीवर विनापरवाना पांढऱ्या चादरी पसरल्या..." ठाणेदारानं वाचून दाखवलं. "पुरावा?"

"ड्रोनचं छायाचित्र आहे. जोडून घ्या."

ठाणेदारानं मावशीकडे पाहिलं. "मावशी, गुन्हा कबूल आहे का?"

"एकदम कबूल." मावशी उठून टेबलापाशी गेली. "फोटोतलं पांढरं म्हणजे माझ्या चादरी, असं लिहिलंत ना?"

"लिहिलं."

"साहेबांनी सांगितलं म्हणून लिहिलंत ना?"

"हो."

"मग पुढे लिहा. हा गुन्हा मी आजच केलेला नाही. मी मुरलेली गुन्हेगार आहे. साहेबांच्या त्या जुन्या फोटोच्या दिवशीही हाच गुन्हा केला होता, याच जागी, अशाच चादरी. त्याच्या आदल्या दिवशीही. माझ्या आईनंही केला होता. सगळा कबूल. सही कुठे करायची ते दाखवा."

साहेब पुढे झाले. "तेवढं लिहायची गरज नाही. आजच्यापुरतं घ्या."

ठाणेदारानं पेन हातात धरून त्यांच्याकडे शांतपणे पाहिलं. "आरोपी स्वतःहून कबुली देतोय, साहेब. लिहावी लागते. तशी तरतूद आहे."

बाकावर इस्त्रीवाली उभी राहिली. "माझीही घ्या. मीही सामील होते." मग पिळणाऱ्या दोघी उठल्या. मग मी. शेळीवालीनं आयुष्यात एक चादर घातली नव्हती, तीही रांगेत येऊन उभी राहिली.

ठाणेदारानं नवा कागद ओढला. मावशी टेबलावर वाकून बघत होती, निळ्या नखाचं बोट त्याच्या पेनामागे एकेका ओळीवरून चालत होतं.

"अक्षर नीट काढा," ती म्हणाली. "राजधानीत वाचायचंय. चादरी लिहा. क्षार नको."